कापड कापण्याचे यंत्र : आधी चालवून पाहा, मग पैसे मोजा

गणवेश, पायजमे, पेटीकोट घाऊक शिवून देणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना आता एकेक नग कात्रीने कापणे परवडत नाही. मग विजेवरचे कटर घ्यावे लागते. रावेरचा कारागीर त्यासाठी भुसावळ, जळगाव किंवा बऱ्हाणपूर गाठतो आणि दुकानदार दाखवील ते घेऊन येतो. यंत्र चांगले असते, पण आपल्या कामाला व हाताला जुळत नाही. भांडवल मात्र अडकून पडते.

येथे कायदा समजून घ्यावा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी यंत्र घेणाराही ग्राहकच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावरील मुदतीत, मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. परंतु यंत्र निर्दोष आहे, फक्त आपल्याला जमत नाही, अशी तक्रार त्यात बसत नाही. म्हणून खात्री आधीच करावी.

दुकानात जाताना आपण रोज कापतो तेच कापड सोबत न्यावे. गोल पात्याचे कटर हलके असते, एका हाताने चालते. थोडे थर आणि सरळ काप यांसाठी ते पुरते. थर वाढले की वळणावर वरचा थर पुढे कापला जातो व खालचा मागे राहतो. उभ्या पात्याचे यंत्र सर्व थर एका रेषेत कापते, पण ते जड असते व त्याला मोठे सपाट टेबल लागते.

नेहमीइतके थर लावून मुंढ्याची गोलाई कापा. सर्वांत वरचा व सर्वांत खालचा तुकडा एकमेकांवर ठेवून पाहा. फरक लगेच दिसेल. दहा-पंधरा मिनिटे सलग काम करा. मनगट दुखते काय, मूठ तापते काय, बटण बोटाला सहज लागते काय, हे पाहा. पॉलिस्टर कापताना पाते तापून कडा चिकटतात काय, तेही तपासा. पात्याला संरक्षक पट्टी व वायरला तीन पिना असाव्यात. डाव्या हातासाठी पोलादी जाळीचा मोजा घ्यावा. नवे पाते व कार्बन ब्रश जवळपास कोठे मिळतात, हे विचारावे.

दुकानात एवढा वेळ मिळत नसेल तर तीन दिवसांत परतीची अट आधी ठरवून बिलावर लिहून घ्यावी. हनफी फिकहात अशा अटीला 'खियारे शर्त' म्हणतात, तेव्हा ती मागण्यात संकोच कसला? यंत्रे विकणाऱ्या आपल्या बंधूंनीही दुकानात एक टेबल व चार थान चाचणीसाठी ठेवावेत. पारखून घेतलेला माल परत येत नाही, गिऱ्हाईक मात्र परत येते.