दैनंदिन जीवनातील नृत्याचे मूल्य : फुगडीच्या संदर्भात

नृत्याचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा रंगमंचाकडे वळते. भरतमुनींचे नाट्यशास्त्र, शास्त्रीय शैली, फार तर लावणी, एवढ्यात चर्चा आटोपते. प्रेक्षकांविना, केवळ स्वतःसाठी केले जाणारे नृत्य मात्र उपेक्षित राहते. महाराष्ट्रातील फुगडी हे अशा नृत्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात तिच्या आधारे नृत्याच्या दैनंदिन मूल्याचा विचार केला आहे.

फुगडीचे तंत्र वरकरणी सोपे आहे. दोघीजणी समोरासमोर उभ्या राहून हातांची फुली करून एकमेकींचे हात धरतात, चवडे जवळ आणतात, शरीर मागे झोकून देतात आणि गिरक्या घेऊ लागतात. वेग वाढला की शरीर बाहेर फेकले जाऊ पाहते. त्याला वर्तुळात ठेवणारे केंद्राभिमुख बल घट्ट धरलेल्या हातांतूनच मिळते. एकीची पकड सुटली तर दोघींचाही तोल जातो. म्हणूनच जोडीदारणीचे वजन, उंची व दम यांचा अंदाज घेत, तिच्या कलाने फिरावे लागते.

श्रावणातील मंगळागौरीच्या जागरणात झिम्मा, पिंगा यांच्या जोडीने फुगडीही रंगते. एरवी चूल, जाते आणि पाणवठा यांत अडकलेल्या स्त्रीचे शरीर सतत इतरांसाठी राबत असे; त्या रात्री ते स्वतःसाठी हलत असे. सासू-नणंदेविषयीची तक्रारही गाण्यातून मोकळेपणी निघे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या प्रकारांना ‘नाच’ न म्हणता ‘खेळ’ म्हटले जाते. नाचणे हा तमाशातील स्त्रियांचा व्यवसाय मानून त्यास कमी लेखणाऱ्या समाजात, या एका शब्दाने घरंदाज स्त्रीला नाचण्याची मुभा मिळवून दिली, असे म्हणावयास हरकत नाही. अर्थात ही मुभा सर्वांना नव्हती. मंगळागौर सवाष्णींची, विधवेला तिथे स्थान नव्हते. पंढरीच्या वाटेवरील फुगडीला मात्र असे कुंपण नाही. तिथे पुरुषही फुगडी घालतात आणि वृद्ध वारकरी स्त्रियाही.

आधुनिक संशोधनानेही नृत्याकडे लक्ष वेधले आहे. न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या पाहणीत (२००३) स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध आढळलेला शारीरिक स्वरूपाचा एकच छंद होता, तो म्हणजे नृत्य. ही निरीक्षणात्मक पाहणी असल्याने त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्यांची बुद्धी शाबूत तेच नाचत राहिले, असेही असू शकेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचविली, तर ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी तोल सांभाळण्याच्या व्यायामावर विशेष भर दिला.

आज मंगळागौरीचे खेळ सभागृहात, मानधन घेणाऱ्या गटांकडून सादर होतात. त्यामुळे जुने प्रकार टिकले, हे मान्यच करावे लागेल. परंतु पूर्वी जिथे जमलेली प्रत्येक स्त्री खेळत असे, तिथे आता बहुतेकजणी खुर्चीवर बसून पाहतात. महाविद्यालयांतील चित्रही फारसे वेगळे नाही. युवक महोत्सवासाठी मोजके विद्यार्थी निवडले जातात, त्यांचा कसून सराव होतो, पारितोषिकेही मिळतात. निवड चाचणीत मागे पडलेल्या मुलीला मात्र त्यानंतर वर्षभर ठेक्यावर पाऊल उचलण्याचा प्रसंगच येत नाही.