डेटाबेस-कारभाऱ्याची परीक्षा



वसंतातील व्याख्यान म्हटले की संतवाङ्मय, इतिहास किंवा निदान राजकारण तरी ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असते. तेथे 'डेटाबेस सर्व्हरचा कारभार आणि त्याची प्रमाणपत्र-परीक्षा' असला रुक्ष विषय पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, आणि त्या मला व्यासपीठावरून दिसतही आहेत. परंतु अमरावती-बडनेऱ्याच्या, अकोल्याच्या आणि शेगावच्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणारी मुले मला वरचेवर भेटतात, आणि त्यांचा प्रश्न एकच असतो : "काका, ही परीक्षा किती दिवसांत निघते?" बापाने कापूस विकून परीक्षेच्या शुल्काचे पैसे दिलेले असतात, पुण्यास नोकरीसाठी जावयाचे असते आणि हातात दीड-दोन महिने असतात. अशा मुलास थट्टेने उत्तर देऊन भागत नाही.

प्रथम हा कारभारी करतो काय, ते पाहू. १९७० साली एडगर कॉड या शास्त्रज्ञाने एक निबंध लिहून असे मांडले की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि ती यंत्रात कोठे व कशी साठवली आहे याची चिंता मागणाऱ्याने करू नये. मागणाऱ्याची ही चिंता गेली. पण चिंता नाहीशी झाली नाही, ती कोणाच्या तरी डोक्यावर आलीच. ज्याच्या डोक्यावर ती आली तो हा कारभारी. कोणास आत घ्यावे, कोणास काय दाखवावे, तक्ते मंदावले तर का मंदावले, आणि यंत्र कोसळले तर माहिती परत कशी उभी करावी, ही त्याची कामे. यांतले शेवटचे काम सर्वांत मोठे आहे, म्हणून आज मी मुख्यतः त्याविषयीच बोलणार आहे.

आपणां सर्वांच्या परिचयाचा एक दाखला घेतो. जमिनीची खरेदी झाली म्हणजे तलाठी, ज्याला आमच्याकडची जुनी माणसे पटवारीच म्हणतात, एकदम सातबाऱ्यावर खाडाखोड करीत नाही. तो प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद घालतो. संबंधितांस नोटीस जाते, हरकतीस मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मग तिचा अंमल सातबाऱ्यास दिला जातो. उद्या सातबाऱ्याचे पान फाटले तरी फेरफार क्रमाने वाचीत गेल्यास पान पुन्हा लिहिता येईल.

डेटाबेसची 'लॉग' नावाची फाईल ही नेमकी फेरफाराची वही होय. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो; व्यवहार पक्का झाला की लॉगची ती नोंद तबकडीवर उतरल्याखेरीज सर्व्हर 'झाले' असे म्हणत नाही; मूळ तक्त्याची पाने मागाहून सवडीने तबकडीवर जातात. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना सर्व्हर लॉग वाचतो, पक्के झालेले पण पानांवर न पोचलेले बदल पुन्हा करतो आणि अर्धवट राहिलेले मागे घेतो. दाखला येथे थोडा लंगडा पडतो हेही सांगितले पाहिजे. सातबाऱ्यास प्रमाणित होण्यापूर्वी कोणी हात लावीत नाही. सर्व्हर मात्र पक्क्या न झालेल्या व्यवहाराचे बदलही पानांवर करून ठेवतो आणि प्रसंगी पुसतो. हा फरक ज्याला कळला त्याला परीक्षेतले निम्मे अवघड प्रश्न सोपे जातात, असे माझे मत आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. २०१३ साली नागपुरास जाऊन मी मायक्रोसॉफ्टची ७०-४६२ क्रमांकाची परीक्षा दिली. कोणाकडून तरी मिळवलेला प्रश्नसंच पाठ केला होता. उत्तीर्ण झालो, चौकट करून भिंतीवर लावली. पुढे एका लहानशा पतसंस्थेचा सर्व्हर माझ्याकडे आला. एके दिवशी लॉग इतकी फुगली की तबकडी भरली आणि काम थांबले. कारण सोपे होते. 'फुल' नावाच्या पद्धतीत लॉगची वेगळी प्रत घेतल्याशिवाय तिच्यातली जागा मोकळी होत नाही, आणि ती प्रत मी घेतच नव्हतो. घाईने मी पद्धत बदलून 'सिंपल' केली. जागा झाली, मला शाबासकी मिळाली, आणि ती पद्धत पूर्ववत करण्याचे मी विसरलो.

पुढे मे महिन्यात, अकोल्याच्या त्या उन्हात, दुपारी चारच्या सुमारास तबकडी बसली. आदल्या रात्रीची संपूर्ण प्रत शाबूत होती. पण त्या दिवशी सकाळपासूनचे काहीच नव्हते. 'सिंपल' पद्धतीत लॉगच्या प्रती घेता येत नाहीत. त्या दिवशी बचत गटांच्या बाया हप्ते भरून गेल्या होत्या. त्यांच्या हातात पावत्या होत्या, आमच्या यंत्रात रुपयाही नव्हता. दोन रात्री बसून स्थळप्रतींवरून आम्ही एकेक नोंद घातली. एक बाई तिसऱ्या दिवशी आपले पुस्तक घेऊन आली आणि काही न बोलता समोर उभी राहिली. तिची नोंद दाखवीपर्यंत ती बसली नाही. चौकटीतले प्रमाणपत्र मी त्याच आठवड्यात उतरवून ठेवले.

म्हणून तयारी कशी करावी, तर यंत्र मोडून. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरची 'डेव्हलपर' आवृत्ती २०१६ पासून शिकण्यासाठी फुकट मिळते. पोस्टग्रेस तर सर्वांनाच मोकळे आहे. आपल्या संगणकात एक आभासी यंत्र उभारावे, त्यात जिनिंगच्या काट्यावरच्या पावत्यांचा एक तक्ता करावा, आणि दर मिनिटास नोंदी घालणारी लहानशी आज्ञावली सोडून द्यावी. रविवारी संपूर्ण प्रत, रोज फरकाची प्रत, दर पंधरा मिनिटांनी लॉगची प्रत. मग नोंदी चालू असताना ते आभासी यंत्र खाडकन बंद करावे. वऱ्हाडात वीज जाणे हे नवल नाही. त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा!

त्यानंतर तक्त्याची फाईलच काढून टाकावी आणि परत उभारणीस बसावे. शिल्लक असलेल्या लॉगची शेवटची प्रत सर्वांत आधी घ्यावयाची. मग संपूर्ण प्रत, मग अखेरची फरकाची, मग लॉगच्या प्रती ओळीने. शेवटच्या प्रतीपर्यंत प्रत्येक पायरीस 'नोरिकव्हरी' लिहावे लागते. मध्येच विसरलात तर डेटाबेस उघडतो आणि पुढच्या प्रती घेण्यास नकार देतो. पुन्हा पहिल्यापासून आरंभ. ही चूक दोनदा झाली की जन्मभर होत नाही. उभारणी दुसऱ्या सर्व्हरवर करून पाहिली म्हणजे आणखी एक गंमत दिसते. वापरणारे डेटाबेसमध्ये असतात, पण त्यांना आत येता येत नाही. सर्व्हरच्या दारातली ओळख 'मास्टर' नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये राहते, आणि ती जुन्या घरीच राहिलेली असते.

परीक्षेचे स्वरूपही बदलले आहे. ७०-४६२ ही परीक्षा ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद झाली. तिच्या जागी डीपी-३०० आहे, आणि तिचा भर दूरस्थ, भाड्याच्या सर्व्हरवर आहे. तेथे 'मध्य भारत' नावाचा विभाग निवडावा लागतो. नाव ऐकून मला वाटले आपल्याच बाजूला असेल, तो निघाला पुण्यास. या व्यवस्थेत प्रती आपोआप घेतल्या जातात. संपूर्ण प्रत आठवड्यास, लॉगची सुमारे दहा मिनिटांस, आणि सर्वसाधारणपणे सात दिवस मागे जाता येते. मुलांस वाटते आता काम उरले नाही. परंतु चूक आठव्या दिवशी लक्षात आली तर काय, हा प्रश्न मुदत ठरविणाऱ्यालाच विचारला जातो.

उत्तीर्ण होण्यास १००० पैकी ७०० गुण लागतात. ते शेकडा सत्तर नव्हेत, कारण गुण प्रश्नांच्या काठिण्यावरून बेतलेले असतात. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहीत, तेव्हा कोरे काही सोडू नये. २०२३ पासून परीक्षेत कंपनीची शिक्षण-पाने उघडून पाहू देतात, पण घड्याळ थांबत नाही. अभ्यास न केलेल्याचा वेळ शोधण्यातच जातो. प्रमाणपत्र वर्षभर चालते, आणि नूतनीकरणाची चाचणी विनामूल्य आहे. चोरट्या प्रश्नसंचांविषयी मी वर बोललोच आहे. ते वापरल्याचे उघड झाले तर प्रमाणपत्र रद्द होते.

परीक्षा घरूनही देता येते. कॅमेऱ्यातून निरीक्षक पाहत असतो, टेबल रिकामे लागते आणि खोलीत दुसरे कोणी येता कामा नये. तेव्हा आजीस आदल्या दिवशीच समजावून सांगावे की चहा विचारण्यासही दार उघडू नकोस. उन्हाळ्यात सकाळची वेळ घ्यावी, आणि इंटरनेटच्या डबीस बॅटरी जोडून ती किती मिनिटे टिकते, हे आधी मुख्य बटण बंद करून मोजून ठेवावे.