पणजी ते मंगळूर : सागरकाठच्या महामार्गावरील मोटारसायकल प्रवासाचे नियोजन

दूरचा प्रवास बसने करावयाचा असल्यास वेळापत्रक दुसऱ्याने आखलेले असते, वाहनाची देखभाल दुसऱ्याने केलेली असते आणि चालकही दुसराच असतो. मोटारसायकलने निघणाऱ्या प्रवाशास ही तिन्ही कामे स्वतः करावी लागतात. असे असूनही अनेकांचा आराखडा नकाशावरील किलोमीटर मोजण्यापुरताच मर्यादित राहतो. वास्तविक अशा प्रवासाचे खरे माप अंतर नसून दिवसाचा उजेड आणि चालकाची शक्ती हे आहे. गोव्यातील हौशी प्रवाशांना सहज साधणाऱ्या पणजी ते मंगळूर या मार्गाच्या उदाहरणाने हे नियोजन कसे करावे, ते पाहू.

मार्गाची ओळख

पनवेलहून निघून कोकण, गोवा, कर्नाटक व केरळमार्गे कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग या भागात पूर्वी 17 या क्रमांकाने ओळखला जाई. 2010 साली झालेल्या नव्या क्रमांकनात तो 66 झाला. पणजीहून मंगळूर सुमारे 370 किलोमीटर आहे. त्यापैकी कारवारपर्यंत सुमारे 100, तेथून मुर्डेश्वरपर्यंत सुमारे 115 व पुढे मंगळूरपर्यंत सुमारे 155 किलोमीटर अशी ढोबळ विभागणी करता येते.

मडगाव, कुंकळ्ळी मागे टाकून करमल घाटाच्या झाडीतून रस्ता काणकोणात उतरतो आणि पोळे येथे गोव्याची हद्द संपते. कारवारच्या परिसरात सह्याद्रीच्या रांगा थेट समुद्राला येऊन भिडतात. त्यामुळे डोंगर आणि सागर यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीतून रस्त्याने वाट काढली आहे. काळी, गंगावळी, अघनाशिनी आणि शरावती या नद्या याच पट्टीत समुद्राला मिळतात. पुढे कुंदापूरच्या अलीकडे मरवंते येथे पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस सौपर्णिका नदी यांच्यामधून महामार्ग जातो. असे दृश्य आपल्या किनाऱ्यावर विरळाच. तथापि ज्या भूरचनेने या मार्गास सौंदर्य दिले, तिनेच त्यास कापलेले डोंगर, लांब पूल आणि आडवा वारा हेही दिले आहेत. नियोजन करताना या दोन्ही बाजू ध्यानी घ्याव्यात.

ऋतूची निवड

पावसाळ्यातील हिरवाई मोहक असली तरी जून ते सप्टेंबर हा काळ या प्रवासासाठी टाळावा. 16 जुलै 2024 रोजी अंकोला तालुक्यातील शिरूर येथे याच महामार्गावर दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. वाहने गंगावळी नदीत लोटली गेली आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 7 ऑगस्टच्या रात्री, कारवारजवळचा काळी नदीवरील जुना पूल कोसळला. पुलाबरोबर नदीत पडलेल्या ट्रकच्या चालकाचा जीव सुदैवाने वाचला. अशा प्रसंगी चालकाचे कौशल्य काहीही उपयोगी पडत नाही. तेथे केवळ निघण्याचा दिवस निवडणेच हाती असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे होत.

उजेडाचा हिशेब

डिसेंबरात या किनाऱ्यावर दिवस सुमारे सव्वाअकरा तासांचा असतो. चहापाणी, जेवण, पेट्रोल आणि गावांतील गर्दी धरून मोटारसायकलचा सरासरी वेग ताशी 40 किलोमीटर मानला, तर 370 किलोमीटरला सव्वानऊ तास लागतील. हिशेबाने हे अंतर एका दिवसात बसते. परंतु त्यात एखादे पंक्चर, एखादी वाहतूक कोंडी वा मरवंते येथे घटकाभर थांबणे बसत नाही. मग उरलेले अंतर अंधारात, तेही थकलेल्या शरीराने कापावे लागते. संध्याकाळी गुरे घरी परततात, बिनदिव्याच्या सायकली रस्त्यावर असतात आणि समोरून येणाऱ्या वाहनांचे झोत डोळे दिपवतात.

म्हणून पहिल्या दिवशी सकाळी सातला निघून मुर्डेश्वरास मुक्काम करावा. 215 किलोमीटरला साडेपाच तास पुरतात. कारवारला विसावा घेता येतो, तेथील रवींद्रनाथ ठाकूरांच्या नावाचा समुद्रकिनारा पाहता येतो आणि तरीही उजेड शिल्लक राहतो. दक्षिणेकडे जाताना हिवाळ्यातील दुपारचा सूर्य समोरून व उजवीकडून डोळ्यांवर येतो, हेही दुपारपूर्वीच अधिक अंतर कापण्याचे एक कारण आहे. दुसऱ्या दिवशी मरवंते सकाळीच लागते आणि दुपारपर्यंत मंगळूर गाठता येते. परतीस तेवढेच दोन दिवस धरून शिवाय एक दिवस राखीव ठेवावा. शासकीय कर्मचारी व शिक्षक यांनी रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी या पाच दिवसांची घ्यावी. सोमवारी हजर व्हावयाचे म्हणून रविवारी रात्री वाहन दामटणे हे अपघाताला निमंत्रण होय.

वाहनाची तयारी

दुरुस्तीचे काम निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. आठवडाभर आधी ते उरकून वाहन रोजच्या वापरात तपासावे. टायरची नक्षी, दोन्ही ब्रेक, चेनचा ताण व वंगण, इंजिनातील तेल, सर्व दिवे आणि क्लचची तार पाहावी. मागे सहप्रवासी वा सामान असल्यास टायरमधील हवा वाहनाच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी. जड सामान खाली व आसनाजवळ बांधावे. मागे टोकाला लटकलेले ओझे वळणावर वाहनाचा तोल बिघडवते. पंक्चरचे साहित्य, नेहमीचे पाने, एक जादा क्लच तार व प्रथमोपचाराची पेटी हाताशी असावी. टाकी निम्मी होताच पेट्रोल भरावे.

चालकाची तयारी

मोटार वाहन अधिनियम, 1988 अन्वये चालक व सहप्रवासी या दोघांनाही शिरस्त्राण, म्हणजेच हेल्मेट, बंधनकारक आहे. ते भारतीय मानक चिन्ह असलेले असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधावा. पट्टा न बांधलेले हेल्मेट पडताक्षणी डोक्यावरून निघून जाते. चालकाचा परवाना, नोंदणी, विमा व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र बरोबर ठेवावे. डिजिलॉकरमधील प्रतीही ग्राह्य असतात. गोव्याची हद्द ओलांडताना मद्य सोबत नेऊ नये आणि पिऊन तर वाहन मुळीच चालवू नये.

रस्त्यावरील दक्षता

ताशी 60 किलोमीटर वेगात मोटारसायकल एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तरी एवढे अंतर ब्रेकविना कापले जाते. म्हणून पुढील वाहनापासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखावे. मोठ्या पुलांवर दुपारनंतर समुद्रावरील वारा बाजूने लागतो, तेथे वेग कमी करावा. मासळीच्या गाड्यांतून गळणाऱ्या पाण्याने रस्ता निसरडा होतो. चौपदरी रस्त्यावरही गावाजवळ उलट दिशेने येणारी वाहने गृहीत धरावीत. देखावा पाहावयाचा असेल तर वाहन रस्त्याबाहेर उभे करावे. चालत्या वाहनावरून समुद्र पाहणे सहप्रवाशाने करावे, चालकाने नव्हे.

दर दीड तासाने उतरून पाणी प्यावे व दहा मिनिटे हातपाय मोकळे करावेत. जांभया येणे, फाटा चुकणे, मागील दोन-चार किलोमीटर कसे गेले ते न आठवणे ही थकव्याची लक्षणे होत. ती दिसताच पुढचा बेत रद्द करून जवळच्या गावी मुक्काम करावा. मदतीसाठी 112 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 हे क्रमांक उपलब्ध आहेत. दुसऱ्याचा अपघात दिसल्यास थांबण्यास कचरू नये. 2019 च्या दुरुस्तीने सद्हेतूने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण मिळाले आहे.

निघण्यापूर्वी मार्ग, मुक्कामाची ठिकाणे व पोहोचण्याची अंदाजे वेळ कागदावर लिहून घरी ठेवावी आणि प्रत्येक मुक्कामी पोहोचताच कळवावे. घरी वाट पाहणाऱ्यांचा जीव टांगणीला लागू न देणे हाही नियोजनाचाच भाग आहे. किती किलोमीटर तोडले, याची बढाई दोन दिवस टिकते. मरवंत्याचे ते सकाळचे पाणी मात्र सुखरूप परतलेल्याच्या डोळ्यांपुढे जन्मभर राहते.