जलपर्णी काढायची ती दिवाळीत

पालखी प्रस्थानाच्या तोंडावर यंदाही इंद्रायणीत पोकलेन उतरले, काठावर जलपर्णीचे ढीग लागले. बातम्या वाचकांनी वाचल्याच आहेत. मात्र ही वनस्पती वंश कसा वाढवते हे ध्यानात घेतलं नाही, तर हाच खर्च दरवर्षी होत राहील.

तिच्या जांभळ्या फुलांचे तीन प्रकार असतात: आखूड, मध्यम आणि लांब कुक्षीवृंताचे. एका रोपाला एकाच प्रकारचं फूल येतं. टोरांटो विद्यापीठाचे स्पेन्सर बॅरेट अनेक दशकं याच फुलांचा अभ्यास करत आले. तिन्ही प्रकार दक्षिण अमेरिकेत, तिच्या मूळ घरी सापडतात. बाहेर बहुतेक ठिकाणी मध्यम प्रकारच दिसतो. बॅरेट आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी 2010 मध्ये जनुकीय तपासणीतून दाखवलं की, परमुलखातली बहुतांश जलपर्णी एकाच रोपाचा विस्तार आहे. देशोदेशीच्या नद्या व्यापणारी एकच वनस्पती! मी यापेक्षा थक्क करणारं काही अलीकडे वाचलेलं नाही.

हे साधतं आडव्या फांद्यांमुळे. फांदीच्या टोकाला नवं रोप धरतं, फांदी तुटली की ते स्वतंत्र वाहू लागतं. यंत्रानं ओरबाडताना अशा फांद्या तुटतातच, आणि सुटलेली रोपं तुळापूरला भीमेत शिरून पुढे उजनीकडे जातात.

शिवाय बी आहेच. फूल कोमेजलं की दांडा वाकतो आणि बोंड पाण्यात पिकतं. तळाशी गेलेलं बी 15-20 वर्षं जिवंत राहू शकतं; पाणी ओसरून गाळाला ऊन लागलं की रुजतं. मे महिन्यात काढलेल्या जलपर्णीचं बी त्याआधीच गाळात पडलेलं असतं.

म्हणून माझा आग्रह दिवाळीचा. पुरानं नदी धुऊन काढलेली असते, कोपऱ्याकोपऱ्यांत मोजकी रोपं उरतात. दर 15 दिवसांनी दुप्पट धरली, तर 10 रोपांची सहा महिन्यांत 40 हजार होतात. थंडीत वेग मंदावतो, म्हणून या आकड्याचा पाव हिस्साच धरा. तरी 10 हजार. ती 10 रोपं दोन माणसं होडीतून हातानं उचलू शकतात. सांडपाण्याचा खुराक थांबवणं अटळच आहे, पण त्याची वाट पाहत हे काम अडवू नये.

आणि आता काठावर पडलेले ढीग पहिल्या पुराआधी हलवा. आत ओली राहिलेली रोपं पाणी लागताच पुन्हा तरंगतात, बोंडांतलं बीही नदीत परततं.