घशाचा कर्करोग आणि एक विषाणू

“मी बिडी ओढीत नाही, तंबाखू खात नाही, मला घशाचा कर्करोग कशाला होईल?” असे पुष्कळ शेतकरी बंधू म्हणतात. तंबाखूपासून दूर राहणारा मोठ्या धोक्यातून वाचतो, हे खरे. आपल्याकडे बिडी, तंबाखू, सुपारी आणि दारू हीच तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाची मुख्य कारणे आहेत. परंतु आणखी एक कारण आहे: ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एच.पी.व्ही. हा विषाणू.

ह्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. काहींमुळे हातापायांवर साधे चामखीळ येतात. १६ क्रमांकाचा प्रकार मात्र घातक. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा कर्करोग ह्या विषाणूमुळे होतो, हे दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. घशात हा विषाणू टॉन्सिलच्या खाचांत व जिभेच्या मुळाशी दडतो. पेशींच्या वाढीला आवर घालणारी व्यवस्था तो निकामी करतो, आणि अनेक वर्षांनी तेथे गाठ धरते.

तो शरीरसंबंधातून, मुखावाटेच्या संबंधातूनही पसरतो. म्हणून रोग्याकडे बोट दाखवावे काय? मुळीच नाही. ही लागण फार सर्रास आढळते व बहुतेकांचे शरीर एकदोन वर्षांत ती आपोआप घालवते. ती केव्हा झाली हे सांगता येत नाही. म्हणून घरात संशय घेऊन भांडू नये. रोग्याजवळ बसल्याने किंवा त्याची सेवा केल्याने कर्करोग होत नाही.

मराठवाड्यातील उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. एच.पी.व्ही.ची एकच तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. घशासाठी मात्र अशी तपासणी अजून नाही. तेव्हा आपणच सावध राहिले पाहिजे.

शेंदरी बोंडअळी बोंडाच्या आत असते. बाहेरून बोंड चांगले दिसते. तसेच हे आहे. आ करून पाहिले तरी गाठ दिसेलच असे नाही. पुढील खुणा ध्यानात ठेवा:

मानेत न दुखणारी गाठ, गिळताना त्रास, एकाच बाजूला घसा किंवा कान दुखणे, आवाज बसणे, थुंकीत रक्त.

ह्यांपैकी काहीही तीन आठवड्यांवर टिकले तर कापसाची वेचणी संपण्याची वाट पाहू नका. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात घसा दाखवा. पुढील उपचारांसाठी हैदराबादचे एम.एन.जे. व नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. विषाणूमुळे झालेली गाठ तंबाखूच्या गाठीपेक्षा उपचारांना बहुधा चांगली दाद देते. पण वेळेवर गेले तरच.

मुलांसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून मिळू लागली. ९ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात. लागणीपूर्वी घेतलेली लस रक्षण करते. झालेला रोग ती बरा करीत नाही. बी पेरण्यापूर्वीच बीजप्रक्रिया करावी लागते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.