पेटीवरची एक पट्टी

कौंडण्यपूरचं नाव काढलं की आपल्याला रुक्मिणी आठवते. तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठावरचं हे गाव म्हणजे तिचं माहेर. आषाढीला इथूनच तिची पालखी पंढरपूरला निघते. आमच्या मामांना मात्र आणखी एक रुक्मिणी आठवते. 1916 साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'स्वयंवर' नाटकातली, बालगंधर्वांनी गायलेली. त्या पदांच्या जुन्या तबकड्या मामांनी पन्नास वर्षं लेकरासारख्या जपल्या. आणि त्याच तबकड्यांपायी त्यांचं जिवाभावाच्या मित्राशी वाजलं. इतकं, की मित्राच्या नातीच्या साखरपुड्याला मामा गेले नाहीत!

झालं असं. मामांकडे किल्लीचा ग्रामोफोन आहे. अमरावतीच्या काकांकडे (आम्ही त्यांना काकाच म्हणतो) भारी स्पीकर आणि मोबाइलमध्ये साठवलेली तीच गाणी, खरखर काढून साफ केलेली. दोघंही जुन्या गाण्यांच्या शौकिनांच्या एका मोबाइल ग्रुपवर. एका रात्री मामांनी आपल्या ग्रामोफोनवरचं पद तिथे टाकलं. काकांनी लिहिलं, "सूर उतरला आहे. मशीन भंगारात द्या." मामांनी उत्तर दिलं, "महाग स्पीकर घेतले म्हून कान येत नाई." मग तिसरा बोलला, चौथा बोलला. ज्यांनी मामांना कधी पाहिलंही नाही, अशा माणसांनी त्यांचा संग्रहच बनावट ठरवला.

हेच वाक्य काका ओसरीवर बसून बोलले असते तर मामा म्हणाले असते, "बस गा, चहा घे पहिले." दोघं हसले असते. लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो, नि चाळीस जण वाचत असले की माघारही घेववत नाही. बायकांच्या ग्रुपवर अनारशांच्या पाकावरून काय काय होतं ते आपण पाहतोच की! पण आवाजाच्या शौकिनांचं भांडण अंमळ जास्तच लागतं. भाजी खारट झाली तर ताट पुढे करता येतं. "तुला ऐकू येत नाही" म्हटल्यावर माणसाने काय दाखवावं?

तसं हे दुखणं जुनंच. शंभर वर्षांपूर्वी बालगंधर्वांचे चाहते आणि केशवराव भोसल्यांचे चाहते असे सरळ दोन तट होते. नाटक मंडळ्याही एकमेकींच्या स्पर्धेत. पण 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी हे दोघं मुंबईत एकाच रंगमंचावर उभे राहिले. 'संयुक्त मानापमान' म्हणतात तो हाच प्रयोग. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. भांडणाऱ्या चाहत्यांना त्या रात्री एकाच मांडवाखाली बसून दोघांनाही ऐकावं लागलं. पुढे तीनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, केशवराव गेले. वय अवघं एकतीस. तो योग पुन्हा येणारच नव्हता.

इकडे मामांचा अबोला चार महिने चालला. मामी आणि काकू मात्र रोज फोनवर बोलत होत्या, चोरून! मामी भजनी मंडळात पेटी वाजवते. चाळीस वर्षं घरात सुरावर चर्चा झडल्या, पण "तुला काय वाटतं?" असं तिला कुणी विचारलं नव्हतं. एका दुपारी मामा झोपले असताना तिने ग्रामोफोन लावला आणि पेटी पुढे ओढली. सुरुवातीचा सा एका पट्टीवर लागला. पद संपता संपता तो शेजारच्या पट्टीकडे घसरला होता. तिने फोन उचलून काकूला सांगितलं, "बाई, गाणाऱ्याचा दोष नाई, किल्लीचा आहे. हे किल्ली अर्धीच देते."

त्यातलं गणित सोपं आहे. तबकडी मिनिटाला 78 फेरे फिरायला हवी. स्प्रिंग सैल पडली आणि चार-साडेचार फेरे कमी झाले, की सूर पेटीवरची एक पट्टी खाली येतो. फेरे वाढले की वर चढतो, आवाज कोवळा वाटतो. म्हणजे काकांचं खरं? तेही पुरतं नाही. जुन्या काळी सगळ्या तबकड्या बरोबर 78 वर भरल्या जात नव्हत्या. कुठे सत्तरच्या आसपास, कुठे ऐंशी. तेव्हा 1925 च्या आधीची तबकडी आज 78 वर वाजवली म्हणून गाणाऱ्याची खरी पट्टी हाती लागेलच असं नाही. गाणारा तेव्हा मायक्रोफोनपुढे नव्हे, भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गायचा आणि तीन-साडेतीन मिनिटांत पद उरकायचा. काकांनी खरखर काढली त्याबरोबर आवाजाची थोडी धारही गेली असणार. मामांना ते बोचत होतं, पण त्यांना ते नीट सांगता आलं नाही. ते एकदम कानावरच गेले.

मुंबईत 1990 साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. डॉ. सुरेश चांदवणकरांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं. तिथली मंडळी तबकड्या एकत्र बसून ऐकतात, कोणती तबकडी कधीची यावर लिहितात, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिकही त्यांनी काढलं. शौकीन म्हटले की मतभेद आलेच. पण तबकडी समोर फिरत असते. आधी ऐकायचं, मग बोलायचं. ग्रुपवर नेमकं उलटं होतं. पूर्ण गाणं ऐकण्याआधीच अंगठा चालतो.

कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला काकू दरवर्षी कौंडण्यपूरला येतात. या खेपेला काकांनाही घेऊन आल्या, "नदीवर मले एकटीले जमत नाई" म्हणून. दर्शन झालं, मामांच्या ओसरीवर सगळे टेकले. दोघं पुरुष दोन कोपऱ्यांत, पेपर उघडून. मामीने काही न बोलता ग्रामोफोन आणला, पेटी आणली, किल्ली पुरती दिली. पद वाजलं. मग अर्धी किल्ली देऊन तेच पद पुन्हा. पेटीवर तिचं बोट एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर सरकलं, तसे दोन्ही पेपर खाली आले.

"काहो भाऊ, हे आधी काहून नाई सांगितलं?" काका म्हणाले.

"मले तरी कुठे ठाऊक होतं?" मामा म्हणाले. मग मामीकडे वळून, "तुले कसं समजलं?"

"आज विचारलं बाप्पा तुम्ही," मामी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

साखरपुडा तर होऊन गेला होता. लग्नाला मामा दोन दिवस आधी जाऊन बसले. तबकडी किती फेऱ्यांवर भरली असावी, यावर दोघांचं अजून एकमत नाही. पण आता त्यासाठी काका एसटीने येतात, आणि मामी पेटी उघडेपर्यंत कुणी तोंड उघडत नाही.