व्यक्तिचित्राचे वाचन : ससून घराणे

प्रास्ताविक

शब्दांतून साकारणाऱ्या व्यक्तिचित्राशी आपला परिचय आहेच. छायाचित्रे व रंगचित्रेही संहितेप्रमाणे वाचता येतात. पुण्यातील ससून रुग्णालय आपणांस ठाऊक असेल. ज्या व्यापारी घराण्याच्या देणगीशी हे नाव जोडलेले आहे, त्या घराण्याची चित्रे येथे विचारात घेऊ.

विवेचन

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ मध्ये बगदाद येथील ज्यू कुटुंबात झाला. तेथील जाचामुळे देशांतर करून १८३२ च्या सुमारास ते मुंबईत आले. कापूस आणि अफू यांच्या व्यापारातून त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. १८६४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. लष्कर भागातील 'लाल देऊळ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ओहेल डेव्हिड प्रार्थनामंदिराच्या आवारात त्यांची समाधी आहे.

त्यांचे तीन पुत्रांसमवेतचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. डेव्हिड बसलेले आहेत. अंगात पायघोळ झगा, मस्तकी पागोटे. एलियास व अब्दुल्ला हे पुत्रही पौर्वात्य वेशात आहेत. ससून डेव्हिड हा पुत्र मात्र युरोपीय पोशाखात आहे. पुढे १८५८ मध्ये तोच लंडनला स्थायिक झाला. घराण्याच्या प्रवासाची दिशा अशी एका पोशाखातून सूचित होते. १९२३ मध्ये जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराने डेव्हिड यांचे पणतू सर फिलिप ससून यांचे चित्र रंगवले. त्यात बगदादची खूण उरलेली नाही. दिसतो तो लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळातील गृहस्थ.

चित्र काय सांगत नाही, हेही पाहावे. छायाचित्रात चौघेही पुरुष आहेत. डेव्हिड यांना सहा कन्या होत्या. स्नुषा फ्लोरा यांनी तर १८९४ मध्ये पतीच्या निधनानंतर मुंबईतील पेढीचा कारभार सांभाळला. या स्त्रियांना त्या चौकटीत स्थान नाही. चीनमध्ये विकल्या गेलेल्या अफूचाही तेथे मागमूस नाही. रुग्णालयास देणगी देणारे हात आणि अफूचा व्यापार करणारे हात एकच होते. दानशूरता खरी, तिच्यामागील धनाचा उगमही खरा. अभ्यासकाने यांपैकी एकाच्या आड दुसरे लपवू नये.

स्वाध्याय

आपल्या घरातील एखादे जुने कौटुंबिक छायाचित्र पाहा. कोण बसले आहे, कोण उभे आहे आणि कोण चौकटीबाहेर राहिले आहे, याविषयी दहा ओळी लिहा.